पादचिकित्सेतील स्त्रिया आणि त्यांचा परस्पराधार

मधुमेहाचा रुग्ण रक्तशर्करा आपणहून तपासून घेतो, डोळेही दाखवितो. पायमोजे मात्र कोणी सांगितल्याखेरीज काढीत नाही. पाय हा वैद्यकातला उपेक्षित अवयव आहे. म्हणूनच त्याची निगा राखणाऱ्यांचा, विशेषतः त्यांतील स्त्रियांचा, विचार या स्मरणिकेतून मांडावासा वाटतो.

अमेरिकेत पादचिकित्सा म्हणजे पोडायट्री ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. चार वर्षांच्या शिक्षणानंतर डी.पी.एम. पदवी मिळते आणि त्यापुढे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण असते. या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९१२ साली ‘चिरॉपॉडिस्ट’ या नावाने उभी राहिली. १९५८ मध्ये तिने ‘पोडायट्री’ हा शब्द स्वीकारला आणि १९८४ पासून ती अमेरिकन पोडायट्रिक मेडिकल असोसिएशन म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये पादचिकित्सक डॉक्टर नसतो. तो पदवीधर व नोंदणीकृत व्यावसायिक असतो, आणि तेथे या व्यवसायात पुरुषांहून स्त्रिया अधिक आहेत. अमेरिकेत दीर्घकाळ याच्या उलट स्थिती होती.

याची कारणे आपल्याला अपरिचित नाहीत. शल्यप्रशिक्षणाची वर्षे आणि मातृत्वाची वर्षे एकच. पुढे एकट्याने दवाखाना चालवायचा, तर अडल्यावेळी विचारायचे कोणाला? या प्रश्नातूनच तेथे ‘अमेरिकन असोसिएशन फॉर विमेन पोडायट्रिस्ट्स’ ही संघटना कार्यरत आहे. विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती देणे, नवोदितांना अनुभवी भगिनींचे मार्गदर्शन मिळवून देणे आणि अधिवेशनांत एकमेकींना भेटणे, असे तिच्या कार्याचे साधे स्वरूप आहे. मात्र ज्या व्यवसायात मनुष्य एकटा पडतो, तेथे या साध्या गोष्टींचे मोल फार असते.

आपल्याकडे दीर्घकाळ पादचिकित्सकाची अशी स्वतंत्र वैधानिक नोंदणी नव्हती. हे काम शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि पादत्राणे घडविणारा कारागीर यांच्यात विभागलेले आहे. रुग्णाच्या पायाला प्रत्यक्ष हात लागतो तो पुष्कळदा परिचारिकेचाच. हे ओळखून या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात राबविलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात डॉक्टर आणि साहाय्यक यांना जोडीने प्रशिक्षण दिले गेले. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा त्यात पुढाकार होता, हे मराठी भाषकांना भूषणावह आहे.

स्त्री तपासनीस असण्याचा आणखी एक लाभ मी इंदूरच्या माझ्या व्यवसायात नित्य पाहते. प्रौढ गृहिणी पुरुष डॉक्टरापुढे पाय पुढे करण्यास संकोचतात. जोडव्यांखाली चिघळलेली कातडी, अनवाणी स्वयंपाकघरात झालेला चटका, देवदर्शनाच्या तापलेल्या फरशीने आलेला फोड, या गोष्टी त्या स्त्रीलाच सांगतात. जोडवी काढण्याचा विषयही नाजूक असतो, आणि तो आपुलकीनेच काढावा लागतो.

तपासणी अवघड नाही. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना पाहावी, १२८ हर्ट्‌झच्या नादकाट्याने कंपन पाहावे, पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतील घोट्यामागची नाडी चाचपावी, आणि बोटांच्या बेचक्या व तळवा नजरेखालून घालावा. संवेदना व रक्तपुरवठा दोन्ही उत्तम असल्यास वर्षातून एकदा तपासणी पुरते. त्यांपैकी एक उणे असल्यास सहा ते बारा महिन्यांनी, दोन्ही उणे असल्यास किंवा एका उणिवेस पायाच्या विकृतीची जोड असल्यास तीन ते सहा महिन्यांनी, आणि यांतील एखाद्या उणिवेबरोबर पूर्वी जखम वा अंगच्छेद झालेला असल्यास एक ते तीन महिन्यांनी पाय पाहावा.

खरी कसोटी यापुढे लागते. बधिर पाय जखमेवाचून लाल, उष्ण व सुजलेला दिसला की तो संसर्ग वा गाऊट समजला जाण्याचा धोका असतो. तो शार्को पादविकार असू शकतो. अशा वेळी पायावरचा भार तत्काळ काढून तो स्थिर ठेवावा लागतो. विलंब झाल्यास पावलाची कमान कायमची ढासळते. हे चिन्ह प्रथम परिचारिकेच्या दृष्टीस पडते. तिचे निरीक्षण त्याच दिवशी ऐकून घेणारे कोणी नसेल, तर तिचे ज्ञान वाया जाते आणि त्याची किंमत रुग्णाचा पाय मोजतो.

म्हणून परस्पराधाराचे जाळे ही माझ्या मते चिकित्सेचीच गरज आहे. आपल्या मंडळाने आरंभ लहान करावा. इंदूर, देवास, उज्जैन व महू येथे पायांची निगा राखणाऱ्या भगिनींची सूची करावी. त्यांत डॉक्टरांबरोबर परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञही असाव्यात. दर दोन महिन्यांनी एखाद्या कठीण रुग्णावर एकत्र विचार व्हावा. तातडीच्या सल्ल्यासाठी प्रत्येकीजवळ एका शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. नवोदित भगिनीस प्रसूतीच्या काळात आपले रुग्ण विश्वासाने दुसरीकडे सोपविता यावेत.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एकमेकींची विचारपूस करण्याची सवय मात्र लागते, आणि ती लावून घेणे आपल्याच हाती आहे.