जाळीतला कचरा उपसतं कोण?

प्रश्न : जलविद्युत केंद्रात पाणी शिरतं तिथे लोखंडी जाळी असते म्हणे. पुरात वाहून आलेले ओंडके, जलपर्णी, प्लॅस्टिक तिच्यात अडकत असणार. ते काढायला पाणी बंद करून माणसं उतरवतात का?
— एक वाचक, कराड

उत्तर : पाणी बंद करून कसं चालेल? कचरा येतो पुरात, आणि वीज करायला भरपूर पाणीही तेव्हाच असतं. छोट्या केंद्रांवर आजही माणसं लांब दांड्याचं दाताळं घेऊन काठावरूनच कचरा ओढतात. तोल गेला तर खैर नाही. पाण्याची जी ओढ कचरा जाळीला दाबून धरते, तीच माणसालाही धरते.

मोठ्या केंद्रांवर हेच काम यंत्र करतं. जाळी म्हणजे उभ्या, जरा कललेल्या लोखंडी पट्ट्यांची रांग. तिच्या माथ्यावर रुळांवरून यंत्र सरकतं आणि दाताळं खाली सोडतं. उतरताना दात जाळीपासून लांब ठेवलेले असतात, नाहीतर कचरा तळाशी ठासला जायचा. तळ गाठला की दाताळं जाळीकडे वळतं, दात फटींत शिरतात आणि वर येताना सगळं खरवडून आणतात.

हे कधी करायचं, ते पाणीच सांगतं. जाळी तुंबली की तिच्या पलीकडची पातळी उतरते. दोन्हीकडचे सेन्सर हा फरक मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की यंत्र सुरू होतं. पाण्याची एकूण उंचीच ८ मीटर असेल आणि अर्धा मीटर जाळीतच गेला, तर विजेचा सोळावा हिस्सा तिथेच बुडाला. दाब फार वाढला तर जाळी वाकतेसुद्धा.

ओंडके मात्र परवडले. ऑगस्ट २०२५मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीन अणुवीज केंद्रात थंडाव्यासाठी घेतलेल्या समुद्राच्या पाण्याबरोबर जेलीफिशचे थवे आले, फिरत्या गाळण-पिंपांवर जाऊन बसले आणि चार अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. असल्या बुळबुळीत गोळ्यांपुढे दाताळ्याचं काय चालणार?

वर काढलेला कचरा पुन्हा खालच्या पाण्यात लोटून द्यायचा मोह होतोच. स्वित्झर्लंडच्या १९९१च्या जलसंरक्षण कायद्याने तो रोखला आहे : नदी अडवणाऱ्याने बाहेर काढलेला तरंगता कचरा परत नदीत टाकायचा नाही. म्हणजे बाटली फेकणार वरच्या गावातला कुणी, आणि विल्हेवाटीचा खर्च केंद्राच्या माथी! तरी मला नियम पटतो. नाहीतर तीच बाटली पुढच्या केंद्राच्या जाळीवर जाऊन बसणार.