उष्णोदकाची कुंडे आणि आपली प्रकृती

कोकणातील ऊन पाण्याच्या झऱ्यांत स्नान केल्याने संधिवात हटतो काय, खरूज जाते काय, अशी पृच्छा वाचक वारंवार करतात. परंतु तिचे उत्तर देण्यापूर्वी ते पाणी मुळात काय आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरीपासून पालीजवळचे उन्हेरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व राजवाडी आणि थेट राजापूरचे उन्हाळे येथपर्यंत, सह्याद्री व समुद्र यांच्या दरम्यान या कुंडांची रांग पसरली आहे. तळाशी ज्वालामुखी धगधगत असावा, ही समजूत सार्वत्रिक असली तरी येथील काळा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवालेला आहे. वर येणारे पाणी पावसाचेच होय. ते भेगांवाटे खोल उतरते, दर किलोमीटरमागे सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि एखाद्या भ्रंशाची वाट सापडताच वर उसळते. या दीर्घ प्रवासात सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड व सिलिका त्यात मिसळतात. आणि ज्या उग्र दर्पावर आपली एवढी श्रद्धा, तो हायड्रोजन सल्फाइड वायू इतक्या अत्यल्प मात्रेतही नाकास जाणवतो की, दर्पावरून औषधी गुणाचा अजमास करणे सर्वथा गैर आहे.

सांध्यांना आराम पडतो तो मुख्यतः उष्णतेने. स्नायू शिथिल होतात, रक्ताभिसरण वाढते, शरीराचा भार पाणी पेलते. हा लाभ खरा आहे व मी तो नाकारीत नाही; मात्र तो तात्पुरता आहे. खरजेचे कारण त्वचेत घर करणारा सूक्ष्म किडा असल्याने तिचा इलाज औषधाने, आणि तोही घरातील सर्व मंडळींवर एकाच वेळी झाला पाहिजे. खरूज असलेल्याने सार्वजनिक कुंडात उतरूच नये.

रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवऱ्याचे पाणी उगमापाशी ७० अंशांच्या आसपास असते. इतक्या उष्ण पाण्याने क्षणार्धात कातडी भाजते. गरोदर स्त्रियांनी व हृद्रोग्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून कुंडात उतरू नये. डोके बुडवू नये, कारण कोमट पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचून प्राणघातक ठरू शकतो. काही झऱ्यांत फ्लोराइड अधिक असल्याने तपासणीवाचून ते पाणी पिऊ नये. चालू औषधे बंद करून कुंडावर जाऊ नये. आणि ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे, त्यांनी पाऊल टाकण्यापूर्वी सोबतच्या निरोगी माणसाकडून पाणी हाताने पाहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.