स्क्रीन पालथी घालणारा मुलगा

शंका : मुलगा नववीत आहे. जेवतानाही मोबाइल सुटत नाही. मी जवळ गेले की स्क्रीन पालथी घालतो. काय बघतोस विचारलं, तर ‘काही नाही गं’. परवा बाबांनी मोबाइल हिसकावून घेतला, तर दोन दिवस अबोला. काय करू?
— एक आई, सातारा

समाधान : ताई, ‘काय बघतोस?’ ही त्याला झडती वाटते. त्याऐवजी ‘मलाही दाखव ना’ म्हणा आणि पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा. समोर नको. नजरेला नजर नसली की या वयाची मुलं मोकळी होतात; स्कूटरवर मागे बसूनही पुष्कळ बोलतात. त्याच्याबद्दल नव्हे, पडद्यावरच्या माणसाबद्दल विचारा : ‘हा बायकांबद्दल असं का बोलतोय रे? तुला पटतं?’ उत्तर कसंही आलं, तरी लगेच उपदेश नको.

२०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून १३ वर्षांच्या मुलाला अटक होते. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा अर्थच लागत नाही. त्याचाच मुलगा त्याला तो समजावतो. तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आपल्यालाही मुलांकडून असं शिकावं लागेल. मालिका आधी तुम्ही दोघांनी बघा, मग त्याच्यासोबत.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांना वयोगटाची खूण असते आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. ती जरूर वापरा. पण रील्सवर अशी खूण नसते. तिथे बोलण्याला पर्याय नाही.

कधी अश्लील काही दिसलं, तर आरडाओरडा करू नका. हा अभिनय आहे, खऱ्या नात्यात समोरच्याची संमती लागते, हे साध्या शब्दांत सांगा. हे बाबांनी सांगितलं तर उत्तम. त्याआधी मोबाइल हिसकावला ते चुकलं, असं त्यांनी स्वतःहून म्हणावं. जेवताना मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम घरात सगळ्यांना सारखाच हवा, बाबांनाही.

त्याची झोप उडाली, तो गप्प-गप्प राहू लागला, तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलीमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. कुणी फोटो मागतंय, धमकावतंय असं कळलं, तर त्याला न रागावता लगेच १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.