दूर पल्ल्याची शिदोरी

सायकलच्या दीर्घ सरावाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर चाके येतात, चढाव येतात; जेवणाचे ताट मात्र येत नाही. कष्ट जितके अधिक आणि खाणे जितके कमी, तितका देह काटक, अशी समजूत विद्यार्थ्यांत बरीच रूढ आहे. पहाटे नुसत्या कोऱ्या चहावर ४० किलोमीटर जाऊन येण्यात पुष्कळांस पराक्रम वाटतो. ही समजूत शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, ते आपण पाहू.

भात, भाकरी, केळी इत्यादी पिष्टमय पदार्थांची शरीरात साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने राहतो. प्रौढ माणसाच्या स्नायूंत तो सुमारे ४०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्यास ही शिल्लक २,००० कॅलरींची होते. नेटाने सायकल चालविणाऱ्याची ती दोन-अडीच तासांत संपत येते. चरबीचा साठा याहून कितीतरी मोठा असतो खरा. परंतु तिच्यापासून शक्ती सावकाश मिळते. म्हणून साखर सरली की पाय जड होतात, हात कापतात, डोके गरगरते. फ्रान्समधील सायकलपटू या अवस्थेस ‘फ्रिंगाल’ म्हणतात. चोर्ल्यासारख्या घाटाच्या उतारावर हा प्रसंग ओढवला, तर तो जिवावरही बेतू शकेल. यकृतातील साठा तर रात्रीच्या उपवासातच पुष्कळसा खर्च झालेला असतो.

या बाबतीत स्वीडनमधील बेर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघा संशोधकांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा उद्बोधक आहे. सायकल-यंत्राच्या दोन बाजूंस बसून प्रत्येकाने एकाच पायाने दमेपर्यंत पेडल मारले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेऊन दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन दुसऱ्या पायातल्याच्या सुमारे दुप्पट झाले होते. म्हणजे श्रम स्नायूला मागावयास शिकवितात. देण्याचे काम अन्नाचे आणि विश्रांतीचे.

आता व्यवहाराकडे वळू. निघण्यापूर्वी दोन-तीन तास पचावयास हलके असे खावे. आपली उकड्या तांदळाची पेज यास उत्तम. पहाटे तितका अवकाश नसेल, तर निदान एखादे केळे खावे. तासाहून अधिक चालवावयाचे असल्यास दर तासास ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अन्न, भुकेची वाट न पाहता, थोडे थोडे घ्यावे. मध्यम केळ्यात ते सुमारे २५ ग्रॅम असते. जोडीला गुळाचा खडा पुरतो. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. म्हणून दीर्घ प्रवासात मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत जवळ असावे. नुसते पाणी अतोनात पिणेही घातक आहे. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. निघताना व परतल्यावर वजन करून पाहावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले, हा साधा हिशेब आहे.

परतल्यावर तासाभरात जेवावे. भाताने रिकामा साठा भरतो. डाळ, दूध, अंडे वा मासळी यांतील प्रथिनांनी झिजलेले स्नायू सांधले जातात. हा साठा पूर्ण भरण्यास सुमारे २४ तास लागतात, म्हणून लागोपाठ दोन दिवस शिकस्त करू नये. तुमच्या वयास रात्री ८ ते १० तासांची झोप आवश्यक आहे, आणि आठवड्यातून एक दिवस सायकल भिंतीला टेकलेलीच बरी. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागत असेल, जेवण नकोसे वाटत असेल, तर शरीर विसावा मागत आहे असे समजावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या अन्नावर पहिला हक्क वाढत्या हाडामांसाचा आहे, शर्यतीचा त्यानंतरचा. यासाठी महागड्या डब्यांतील भुकट्यांची गरज नाही; आपल्या घरच्या चुलीवर जे शिजते, ते वेळेवर आणि पोटभर खाल्ले तरी पुरे. उपाशी राहून पल्ला वाढत नाही. सकाळी सायकल बाहेर काढण्यापूर्वी क्षणभर स्वयंपाकघरात डोकवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.