कोरा रकाना

चि. मुक्ता,


तुझं पत्र दोनदा वाचलं. समुपदेशनाला येणारे क्लायंट ध्येय सांगतच नाहीत, 'तुम्हीच सांगा ना मॅडम' म्हणतात आणि फॉर्ममधला रकाना कोरा राहतो, ही तुझी तक्रार. राहू दे कोरा.

एकदा समोरच्या खुर्चीत बसून बघ. कित्येक महिने धड झोप नाही, घरी काहीतरी कारण सांगून माणूस तुझ्यापर्यंत आलेला, आणि आपण विचारतो, 'काय साध्य करायचंय?' त्याला ती तोंडी परीक्षा वाटते. मग तो तयार उत्तर देतो, बहुतेकदा घरच्यांचं.

माझ्याकडे एक बाई यायच्या. 'चिडचिड कमी व्हावी' हे त्यांचं ध्येय मी पहिल्याच दिवशी लिहून घेतलं. दर आठवड्याला विचारायची, शून्य ते दहामध्ये आज कुठे आहात? चाराचे सहा झाले, सहाचे सात. मी खूश. आठव्या भेटीत त्या रडायला लागल्या. ''तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सात सांगते. चिडचिडीचं सासूबाई म्हणतात. मला संध्याकाळी अर्धा तास कुणी हाक मारू नये, एवढंच हवंय.'' म्हणजे सात आठवडे मी सासूबाईंच्या ध्येयावर काम करत होते गं! मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी जुनं खोडून स्वतःच्या अक्षरात नवं लिहिलं आणि पुढे आकडा घातला, एक. तो पहिला खरा आकडा.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये सांगितलेले, समुपदेशक आणि क्लायंट यांना जोडणारे तीन धागे तुला पाठ असतील: ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत आणि दोघांमधलं नातं. माझा अनुभव असा, की नात्याचा धागा थोडा तरी जुळल्याशिवाय ध्येयाचा हाती लागत नाही. काहींना मात्र पहिल्याच दिवशी ध्येय लिहून हायसं वाटतं, पायाखाली जमीन आल्यासारखं. त्यांना थांबवू नकोस. पण दर तीन-चार भेटींनी 'हे अजून तुमचंच आहे ना?' असं विचारत जा, आणि 'नाही' म्हणाले तर चेहरा पाडू नकोस. तो चेहरा ते बघत असतात.

त्या इंजिनीअरिंगच्या मुलाचा रकाना त्याच्या वडिलांनी भरलाय, असं लिहिलंयस. पुढच्या वेळी वडिलांना बाहेर बसव. मुलाला ध्येयाचं विचारू नकोस. गेल्या आठवड्यात कुठला दिवस जरा बरा गेला, ते विचार. काय म्हणाला ते मात्र त्याच्यापाशी आणि तुझ्यापाशीच ठेव. मला फक्त तो पुन्हा आला का, एवढं कळव.

तुझी,
आत्या