इन्फ्ल्युएन्झा आणि मुलाचे हृदय

पावसाळा सुरू झाला की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक दवाखान्यात तापाच्या मुलांची गर्दी होते. चवथीला मूळ घरे माणसांनी भरतात आणि फ्लूही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. क्वचित एखाद्या मुलाच्या हृदयाच्या स्नायूला मात्र दाह होतो. हाच हृदयस्नायुदाह, म्हणजे मायोकार्डायटिस. त्याचा उग्र प्रकार धडधाकट मुलाला काही तासांत मृत्यूच्या दारी नेऊ शकतो.

२००९ च्या एच१एन१ साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात, ऑगस्ट महिन्यात, एका शाळकरी मुलीचा झाला. त्या काळी सर्वांचे लक्ष फुफ्फुसांवर होते. परंतु त्याच साथीत अमेरिकेतील सॅन डिएगो येथे सुमारे महिन्याभरात हृदयस्नायुदाहाची चार मुले आढळली आणि या विषाणूपासून हृदयालाही धोका असल्याचे प्रकर्षाने जाणवले.

फसवे रूप

या आजारात मूल छातीत दुखते असे क्वचितच सांगते. हृदयाची शक्ती घटल्याने रक्त मागे तुंबते. यकृत फुगून पोट दुखते, उलट्या होतात आणि आपण ‘गॅस्ट्रो’ समजतो. फुफ्फुसांत पाणी साचून धाप लागते, तेव्हा दमा किंवा न्यूमोनिया वाटतो. नाडीचा वेग वाढवून शरीर रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. म्हणून रक्तदाब ठीक आहे यावर विसंबू नये.

नाडी आणि यकृत

दर अंश सेल्सिअस तापामागे नाडी मिनिटाला साधारण १० ठोक्यांनी वाढते. ताप उतरल्यावरही शाळकरी मूल शांत पडलेले असताना नाडी १४० च्या वर राहिली, तर हृदयाची शंका घ्यावी. अनियमित किंवा फार मंद नाडीही तितकीच धोक्याची. हातपाय गार आहेत का, यकृत हाताला लागते का, हृदयाचा तिसरा ध्वनी ऐकू येतो का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

शंका असल्यास सलाईन भरभर देऊ नये. द्यावेच लागले तर दर किलो वजनामागे ५ ते १० मिलिलिटर, १० ते २० मिनिटांत सावकाश द्यावे आणि पुन्हा यकृत व फुफ्फुसे तपासावीत. प्राणवायू सुरू करावा, शक्य तर ईसीजी काढावा आणि १०८ बोलावून मुलाला बांबोळीला पाठवावे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आधी दूरध्वनी केल्यास वेळ वाचतो. इकोकार्डिओग्राम व ट्रोपोनिन या तपासण्या तिथे होतील. त्यांसाठी गावात थांबू नये.

पालकांसाठी

तापात मूल निस्तेज दिसले, धाप लागली, चक्कर आली, ओठ निळसर झाले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. सहा महिन्यांवरील मुलांना पावसाळ्यापूर्वी दरवर्षी फ्लूची लस द्यावी. नऊ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. आजारातून उठलेल्या मुलाला तीन ते सहा महिने, हृदयतज्ज्ञाने परवानगी देईपर्यंत, मैदानी खेळांपासून दूर ठेवावे.

हे संकटाचे थोडे दिवस आधार देऊन पार पाडता आले, तर अनेक मुलांचे हृदय पूर्ववत होते. म्हणूनच पेडण्यात वा डिचोलीत मुलाची नाडी प्रथम मोजणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी मोठी आहे.