कयाकबरोबर जलपर्णी नेऊ नका

उजनीच्या फुगवट्यावर वल्हवून झालं आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या तळ्यावर जायचा बेत आहे? मग गाडीकडे वळण्याआधी अर्धा तास काढा. जलपर्णीचा एक जिवंत कोंब नव्या पाण्यात पडला, तरी पसरायला तेवढा पुरतो. चला, लागू या कामाला!

साहित्य: ताठ केसांचा ब्रश, स्पंज, जुना पंचा, कचऱ्याची जाड पिशवी.

1. कयाक काठावर, पूर्ण कोरड्या जागी ओढून घ्या. निम्मी पाण्यात ठेवलीत, तर काढलेलं पुन्हा चिकटेल.

2. ती उपडी करा.

3. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत तळावरून हात फिरवा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. जलपर्णीच्या काळपट, पिसासारख्या मुळ्या खाचेत बसल्या की दिसत नाहीत.

4. हाताला लागेल ते पान, देठ, मूळ पिशवीत टाका. पाण्यात भिरकावू नका. आडव्या देठावरचा कोंब शाबूत असला की नवं रोप धरतं.

5. तळाची आरपार भोकं आतून घासा. चिखल इथेच अडकतो आणि चिखलात जलपर्णीचं बी 15-20 वर्षंही तग धरतं.

6. कयाक सुलटी करा.

7. मागचं बूच काढा.

8. पुढचं टोक उचलून सगळं पाणी त्याच काठावर ओता. धार थांबली म्हणून घाई नको. कयाक डावीउजवीकडे कलवून पाहा.

9. सीटखालची ओल स्पंजने टिपा.

10. वल्हं, दोर, लाइफ जॅकेट आणि चपलांचे तळवे घासा. चपला हमखास राहून जातात!

11. आता कयाक गाडीवर चढवा. बूच मात्र लावू नका.

12. घरी आल्यावर मातीच्या अंगणात नळाच्या पाण्याने सगळं धुवा. ते पाणी नाल्यात किंवा गटारात जाता कामा नये.

13. पिशवीतला पाला उन्हात कडकडीत वाळवा. ओढ्याकाठी ओतू नका.

14. कयाक आणि सामान किमान 5 दिवस वाळू द्या. पावसाळ्यात एवढे पुरत नाहीत. छपराखाली ठेवून रोज पंचाने पुसा आणि खाचा कोरड्या ठणठणीत होईपर्यंत थांबा.

15. नव्या तळ्यावर पोहोचलात की पाण्यात लोटण्याआधी तिसरी पायरी पुन्हा करा. हाताला काही लागलं नाही ना? मग बूच घट्ट बसवा आणि खुशाल वल्हवा!